नाशपातीपुरता उजेड

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निऑनच्या पाट्या करायचे. दुकानांवर, सिनेमागृहांवर, औषधवाल्यांच्या दारावर लाल-निळ्या उजेडाची अक्षरं असायची ना, ती. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध टेबलावर गॅसच्या ज्योती, भिंतीशी काचेच्या नळ्या उभ्या. नळी ज्योतीवर फिरवून फिरवून मऊ करायची, ती वाकताना चेपू नये म्हणून तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची आणि नेमक्या क्षणी वळवायची. मग पंपाने आतली हवा ओढून काढायची, चिमूटभर वायू भरायचा, टोकांना वीज जोडायची. अक्षर पेटलं की भावोजी मागे सरून डोळे बारीक करून बघायचे. उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आणि ठसठशीत असला तर नुसतं "हं" म्हणायचे. नसला तर नळी फोडून पुन्हा बसायचे.

"गिऱ्हाइकाला चालली असती," ताई म्हणायची, "पण यांना चालत नाही ना."

पुढे एलईडी आले. स्वस्त, न फुटणारे, कोणीही खिळा ठोकून लावावेत असे. गिऱ्हाइकं आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली. भावोजींनी फार दिवस वाट बघितली नाही. उरलेल्या नळ्या एका काचकाम करणाऱ्याला देऊन टाकल्या, शटर ओढलं आणि घरी येऊन बसले. कोणाला दोष दिला नाही, कपाळाला हात लावला नाही. पण बसायची सवय नसलेला माणूस घरात बसला की घराची परीक्षा असते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत झाली. कपाटांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या. इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली. एक दिवस मी गेले तर स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवे पडून नळ खोलत होते.

"गळतोय का?" मी ताईला विचारलं.

"गळत नव्हता," ताई म्हणाली. "आता गळेल."

आमच्या पिटूला हे सगळं दिसत होतं. पिटू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. चांगली शिकलेली, अन्नतंत्रज्ञानातली मोठी पदवी घेतलेली बाई, पण घरात ती पिटूच. मी फळं निवडून भरणाऱ्या ज्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारीला होते तिथेच ती वर्षभरापूर्वी लागली होती. प्रतवारी म्हणजे काय, तर पट्ट्यावरून फळं पुढे सरकत येतात, आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून डागाळलेली, दबलेली, फार पिकलेली फळं वेगळी काढतो. बाहेरून सोपं दिसतं. पहिल्या आठवड्यात मान आणि डोळे दोन्ही कामातून जातात.

आमच्याकडे मुख्यतः नाशपाती यायची. नाशपाती फार नाजूक. झाडावरून उतरली की तिच्यातलं पाणी हळूहळू उडायला लागतं, देठाजवळ सुरकुती पडते. म्हणून आम्ही तिला मेणाचा पातळ हात द्यायचो. पण बाजारात लोक मेणाला नाकं मुरडायला लागले होते. पॅकहाऊसच्या मालकीणबाईंनी पिटूला त्यासाठीच आणलं होतं. पिटूने स्टार्च आणि झाडाच्या डिंकापासून एक पातळ द्रावण तयार केलं. खायला निर्धोक, चवीला काहीच नाही. अडचण एकच होती. नाशपातीच्या सालीवर मुळात तिचं स्वतःचं मेण असतं. त्यावर हे द्रावण म्हणजे अळवावरचं पाणी. थेंब थेंब होऊन घरंगळायचं, कुठे जाड बसायचं, कुठे बसायचंच नाही.

त्यावर उपाय म्हणून ते मशीन आलं. धातूच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधल्या हवेत जोराची वीज सोडायची. हवा पेटत नाही, तापत नाही, पण तिच्यातले कण असे काही चेकाळतात की ती जांभळी उजळते. याला थंड प्लाझ्मा म्हणतात, असं पिटूने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत समजावलं. त्या उजेडातून फळ काही क्षण सरकत गेलं की सालीचा वरचा थर जरासा बदलतो, बुरशीचे बीजाणूही पुष्कळसे मरतात. मग द्रावण फवारलं की ते घरंगळत नाही, पसरतं. आम्ही बायकांनी मशीनचं नाव जांभळी ठेवलं. ती चालू असली की वीज कडाडून गेल्यावर येतो तसा तिखट वास यायचा, म्हणून तिच्या डोक्यावर मोठा पंखा बसवून हवा छपराबाहेर काढलेली होती.

जांभळीवरचा पहिला माणूस त्या वासाला कंटाळून सोडून गेला. त्या संध्याकाळी पिटू जेवताना सहज बोलल्यासारखं बोलली.

"बाबा, आमच्याकडे एक जागा आहे. विजेचं काम, वायूचं काम. तुम्हाला जमेल."

"तुझ्या हाताखाली?" भावोजी म्हणाले.

"माझ्या विभागात," पिटू म्हणाली.

"म्हणजे हाताखालीच."

ताईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "जन्मल्यापासून तिच्याच तालावर नाचताय," ती म्हणाली. "आता त्याचा पगार मिळेल."

भावोजी पहिल्या दिवशी आले तेव्हा मी पट्ट्यावरून मान वर करून बघत होते. पिटूने त्यांना जांभळीच्या काचेच्या खिडकीपाशी उभं केलं आणि बटण दाबलं. उजेड आला. भावोजी सवयीने मागे सरले, डोळे बारीक केले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. दुपारी डबा उघडताना मी विचारलं, कसं वाटलं?

"मी आयुष्यभर हवा काढून टाकली तेव्हा कुठे उजेड मिळाला," ते म्हणाले. "ही पोरगी भरल्या हवेत पेटवते. काच नाही, काही नाही." आणि पोळीचा तुकडा हातात तसाच धरून बसले.

काम त्यांना आवडलं. वेळेवर यायचे, धातूच्या पट्ट्यांवरची धूळ मऊ कापडाने पुसायचे, पंख्याचा आवाज जरा बदलला की कान टवकारायचे. कारखान्यात ते पिटूला मॅडम म्हणत. तिनेच सांगितलं होतं, बाकीच्यांना चमत्कारिक वाटायला नको म्हणून. गंमत अशी की घरीही रुसले की मॅडम म्हणायचे. "मॅडमना विचारा, मीठ हवंय का." एरवी दोघांचं छान चाललं होतं. तिने आकडे लावून द्यायचे, यांनी मशीन चालवायचं. थोडंफार कमीजास्त करायची मुभा यांना होती.

हंगाम सरत आला तेव्हा मालकीणबाईंनी एका मोठ्या दुकान-साखळीचे खरेदीदार बोलावले. त्यांना जांभळी दाखवायची, त्या दिवशीचा माल त्यांच्याबरोबर द्यायचा, आवडला तर पुढच्या हंगामाचा व्यवहार. हंगामाच्या शेवटच्या नाशपातीची साल पातळ आणि हळवी असते, म्हणून पिटूने विजेची शक्ती नेहमीपेक्षा पुष्कळ खाली आणून ठेवली आणि ती पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेली.

शक्ती खाली आणली म्हणजे उजेड मंद झाला. मंद, आणि मधूनमधून तुटक. भावोजी खिडकीतून बघत होते. इतकी वर्षं असा उजेड दिसला की त्यांनी नळी फोडली होती. आणि आता पाहुणे येणार होते, लेकीची परीक्षा होती, आणि तिच्या मशीनचं रूप असं. त्यांनी बटण फिरवलं.

जांभळी त्या दिवशी खरोखर देखणी दिसली. पाहुण्यांनी फोन काढून फोटो घेतले. एक जण म्हणाला, जत्रेतल्यासारखं वाटतंय. मालकीणबाई हसल्या. पिटू बोलण्यात गुंतलेली, तिचं लक्ष खरेदीदारांच्या प्रश्नांकडे. पट्ट्यावरची नाशपाती पलीकडे तजेलदार दिसत होती, द्रावण छान बसलं होतं. सगळे खूश झाले. माल भरून गाडी गेली.

काही दिवसांनी क्रेट परत आले. ते उघडायचं काम माझ्याकडेच आलं. नाशपातींवर तपकिरी ठिपके होते, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर पडतात तसे. आत गर चांगला होता, चवही ठीक होती, पण असं फळ दुकानात कोण उचलणार? मी एक क्रेट घेऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. पिटू तिथेच होती. तिने एक नाशपाती उचलून उजेडात फिरवली आणि तिचा चेहरा उतरला.

"शक्ती जास्त झाली," ती म्हणाली. "मी ठेवली होती त्यापेक्षा जास्त. ऑपरेटरना विचारायला हवं."

"विचारायला नको," दारातून आवाज आला. क्रेट परत आल्याचं कळून भावोजी माझ्यामागोमाग आले होते. "मी वाढवली होती."

"का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मंद दिसत होतं. लोक येणार होते. म्हटलं, जरा बघण्यासारखं व्हावं."

पिटूने हातातली नाशपाती क्रेटमध्ये परत ठेवली. मग म्हणाली, "बाबा." कारखान्यात तिने त्यांना तशी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "तुमच्या पाट्या लोकांनी बघायच्या होत्या. हा उजेड बघायचा नाहीये. तो फक्त सालीसाठी आहे."

भावोजींनी मान हलवली. पिटू मालकीणबाईंकडे वळली. म्हणाली, कमी का ठेवलंय हे मी त्यांना सांगायला हवं होतं, नुसता आकडा लावून गेले, ती माझी चूक. पण तूर्त जांभळीवर दुसरं कोणी असावं. मालकीणबाईंनी भावोजींना क्रेट धुवायच्या जागी पाठवलं. कोणी आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर भावोजींना सोपं गेलं असतं.

ताईला वाटलं, हे आता नोकरी सोडणार. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले, रबरी बूट चढवले आणि पाण्याच्या फवाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. घरात मात्र बापलेकीचं बोलणं बंद. भांडण नव्हतं, अबोलाही म्हणता येणार नाही, दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं एवढंच. पिटू वर्तमानपत्र उघडून बसायची, भावोजी पंख्याकडे बघत बसायचे. मी एकदा गेले तर ताई वैतागून म्हणाली, "तू तरी बोल माझ्याशी. या घरात सध्या फक्त कुकर तोंड उघडतो."

क्रेट धुण्याची जागा आमच्या पट्ट्याच्या टोकाला होती. हंगाम सरला तरी शीतगृहात ठेवलेली नाशपाती पट्ट्यावर येतच होती. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की धुणं आटोपलं की भावोजी आमच्याकडे बघत उभे राहतात. एके दिवशी जवळ आले.

"तू हे कशावरून काढलंस?" मी बाजूला ठेवलेल्या फळाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. देठाच्या बाजूला अंगठा हलकेच टेकवायचा, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. तिथे जरा नमतं वाटलं तर आत पिकत आलंय. साल उजेडासमोर तिरपी धरायची, म्हणजे खरचटलेलं दिसतं. सावलीतल्या बाजूची साल आणि उन्हातल्या बाजूची साल वेगळी असते. भावोजींनी ते फळ दोन्ही हातांनी धरलं होतं, पाळण्यातलं मूल उचलावं तसं.

"मी इतके महिने इथे आहे," ते म्हणाले, "आणि फळाकडे बघितलंच नाही. पलीकडून निघून जायची ती. मी उजेड बघत होतो."

मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "आता बघा," म्हटलं.

ते रोज यायला लागले. सुरुवातीला चांगली फळं काढून टाकायचे आणि दबलेली पुढे सोडायचे. माझ्या शेजारची बाई हसायची, म्हणायची, तुमच्या भावोजींना आमच्या पट्ट्यावर ठेवू नका, माल उरायचा नाही. तेही हसायचे. हळूहळू हात बसला. फार तरबेज झाले असं नाही. पण नाशपाती हातात घेतली की आता ते तिच्याशी घाई करत नसत.

मग एका रविवारी दुपारी आम्ही सगळे ताईकडे जेवायला होतो. ताट पुढे सरकवून भावोजींनी विचारलं, कोणाकडे न बघता, पण प्रश्न कोणाला आहे ते सगळ्यांना कळत होतं.

"गरम नसतं ना ते. हात जवळ नेला तरी भाजत नाही म्हणालीस. मग साल का भाजते?"

पिटूने घास खाली ठेवला. "भाजत नाही," ती म्हणाली. "साल जिवंत असते बाबा. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेत असतं. त्या उजेडातले कण सालीवर आदळतात. थोडे आदळले तर वरचं मेण मोकळं होतं, मग द्रावण त्याला धरून बसतं. खूप आदळले तर खालच्या पेशी मरतात. मेल्या की काळवंडतात. पण लगेच नाही. म्हणून त्या दिवशी कोणाला दिसलं नाही."

"आणि हंगामाच्या शेवटी साल पातळ."

"हो."

"म्हणून तू कमी ठेवलं होतंस."

"हो."

भावोजींनी थोडा विचार केला. "काच मरत नाही," ते म्हणाले. "वाकडी झाली तर फोडायची आणि नवी घ्यायची. मला ती सवय."

"मला विचारायचंत तेव्हा," पिटू म्हणाली.

"मॅडमना कोण विचारणार," भावोजी म्हणाले, आणि पिटूला हसू आलं. ताईने कोणाला न विचारता दोघांच्या ताटात भात वाढला.

पुढच्या हंगामाआधी पिटूने त्यांना पुन्हा जांभळीवर बोलावलं. मेहेरबानी नव्हती. मधल्या काळात जो वीजतंत्री तिथे होता त्याला अर्धा कारखाना सांभाळायचा होता, आणि मशीन सोडून तो सारखा कुठेतरी धावत असायचा. पिटू क्रेटच्या जागी आली, ओल्या फरशीवरून सांभाळून चालत.

"या म्हणते मी. पण आधी फळ बघायचं, मग बटण. आणि शंका आली तर मशीन थांबवायचं."

"थांबवून विचारायचं," भावोजी म्हणाले.

"विचारायचं."

मालकीणबाईंनी त्या खरेदीदारांना आधीच फोन करून काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आणि कदाचित त्यामुळेच ते पुन्हा यायला तयार झाले. या वेळी फोटोवाले पाहुणे नव्हते. खरेदीदारांतले एकच गृहस्थ आले, मध्यमवयीन, कमी बोलणारे. ते खिडकीपाशी वाकले. आत जांभळट धुरकट झाक होती, तीही डोळे सरावल्याशिवाय दिसायची नाही.

"बंद आहे का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," भावोजी म्हणाले.

"दिसत तर काही नाही."

"फारसं नाही दिसत. पलीकडे या, तिथे बघा."

भावोजी त्यांना द्रावणाच्या फवाऱ्याच्या पुढे घेऊन गेले. तिथे फळं ओली होऊन निघत होती. एकावरही थेंब नव्हता. द्रावण सालीला चिकटून पातळ पसरलेलं, काचेवर श्वास सोडल्यावर येतं तसं. मग पंख्याच्या वाऱ्यात तेही वाळून गेलं आणि नाशपाती पुन्हा साधी, झाडावरच्यासारखी दिसायला लागली. खरेदीदारांनी एक उचलून नखाने खरवडायचा प्रयत्न केला, वास घेतला, खिशात टाकली. भावोजींचे हात मागे बांधलेले होते. मी पट्ट्यावरून बघत होते; त्यांचा अंगठा दुसऱ्या तळहातावर सारखा फिरत होता.

खरेदीदारांनी आपल्या शीतगृहात ठेवलेला तो माल बऱ्याच आठवड्यांनी उघडला. जादू झाली नव्हती. काही क्रेट वाटेत आपटले होते, त्यांतली फळं दबली ती दबलीच. पण बाकीची मेण लावलेल्या फळांपेक्षा टवटवीत निघाली, देठाशी सुरकुती कमी, आणि ठिपका शोधून सापडला नाही. खरेदीदारांनी एका हंगामाचा व्यवहार केला. पुढच्या वर्षी पुन्हा केला. मालकीणबाईंनी जांभळीच्या शेजारी दुसरी जांभळी बसवली.

दोन हंगामांनी पिटूला दूरच्या शहरात मोठी नोकरी मिळाली. जायच्या दिवशी ती कारखान्यात सगळ्यांचा निरोप घेत फिरली आणि शेवटी भावोजींपाशी आली. मशीन चालू होतं, त्यामुळे त्यांना जागा सोडता येत नव्हती. दोघं शेजारी उभे राहून आत बघत होते.

"नवीन साहेब चांगले आहेत," पिटू म्हणाली. "त्यांना विचारत जा."

"विचारीन. तूही तिकडे लोकांना नुसते आकडे देऊ नकोस. का ते सांगत जा."

"सांगीन."

मग ती गेली. भावोजींनी मान वळवली नाही, फळं येत होती. ती संपल्यावर मात्र मशीन बंद करून ते बाहेरच्या नळावर गेले आणि तोंड धुऊन बराच वेळ तिथेच बसले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला.

नवी माणसं शिकायला आली की भावोजींकडे धाडायची, असा पुढे रिवाजच पडला. त्यांना ते पहिल्या दिवशी जांभळी दाखवतच नसत. आधी आमच्या पट्ट्यावर उभं करायचे, हातात नाशपाती द्यायचे आणि म्हणायचे, ही जिवंत आहे, सांभाळून. काही जणांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. काही जण ऐकायचे.

आता भावोजी आणि मी दोघंही काम सोडून आपापल्या घरी असतो. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तरी शनिवारी मी, ताई आणि ते बाजारात जातो. परवा फळवाल्याकडे ते एकेक नाशपाती उचलून, तिरपी धरून, अंगठा टेकवून परत ठेवत होते. फळवाला बिचारा या पायावरून त्या पायावर भार टाकत उभा.

"मला बघायला आलात तेव्हा एवढा वेळ लावला नव्हता," ताई म्हणाली.

"तेव्हा मला बघता येत नव्हतं," भावोजी म्हणाले आणि तीन नाशपाती निवडून फळवाल्याच्या हातात दिल्या.

ताईने पिशवी पुढे केली. घरी येईपर्यंत ती मला सारखी विचारत होती, ते असं का म्हणाले असतील. मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिने विचारलं की नाही, ठाऊक नाही. फळं मात्र गोड निघाली.